गैरहजर खेकड्याचा पंचनामा

(स्थळ : बीड शहराच्या जुन्या पेठेतील एका वाड्याची ओसरी. वेळ : चैत्रातली टळटळीत दुपार. तिवईवर काचेची एक पेटी. तिच्या तळाशी वाळू, आणि वाळूवर निळ्या रंगाने रंगविलेला एक रिकामा शंख. पेटीसमोर महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ मांडीवर फुलस्केप कागद आणि हाती उलथणे घेऊन बसले आहेत. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक प्रवेश करतात.)

अव्वल कारकून : यावे, प्राध्यापकमहाशय, यावे. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक म्हणून आमच्या गावाकडच्या मुकादमाला निरोप धाडला आहे, दुसरे आपण. मजकूर तयार आहे, आपण केवळ सही करावयाची.

प्राध्यापक : सहीपूर्वी मजकूर ऐकण्याचा पंचाला अधिकार असतो, अशी माझी आपली समजूत आहे.

अव्वल कारकून : अवश्य. (घसा साफ करून) "आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, मुंबईच्या भाच्याने दुकानातून खरेदी करून आमच्या नातीस वाढदिवशी भेट दिलेला, दहा पायांचा, शंखात राहणारा, जातीने खेकडा, धंदा काही नाही, हा इसम गेल्या पंधरवड्यापासून विनापरवाना गैरहजर असून, त्याच्या वहिवाटीतील निळा शंख वाळूवर बेवारस स्थितीत मिळून आला; सबब सदर इसम मयत झाला असल्याबद्दल आमची खात्री झाली आहे." कसे आहे? आमचे तीर्थरूप निजामाच्या अमदानीत पेशकार होते. ही भाषा आम्ही त्यांच्या मांडीवर बसून शिकलो.

प्राध्यापक : भाषेबद्दल तक्रार नाही. मयताचे प्रेत कोठे आहे?

अव्वल कारकून : त्यासाठीच तर हे उलथणे. वाळू उपसली की मुद्देमाल हाती येईल, आणि संध्याकाळच्या आत प्रकरण दाखलदप्तर होईल. आपल्याला ठाऊकच आहे, माझ्या संबंध नोकरीत माझ्या मेजावर एक कागद प्रलंबित म्हणून राहिला नाही.

प्राध्यापक : (उलथणे काढून घेत) ते माझ्याजवळ असू द्या. आणि हा दुसरा कागद कसला?

अव्वल कारकून : ते प्रकरण निराळे आहे. नातीने गेल्या वर्षी कोकणातून एक मोठा शंख आणला होता, तो शोभेसाठी याच पेटीत ठेवला होता. तोही त्याच सुमारास नाहीसा झाला. चोरीची फिर्याद लिहिली आहे. संशयित म्हणून शेजारचा बोका.

प्राध्यापक : तो शंख या निळ्या शंखापेक्षा अंमळ मोठा होता काय? तोंड गोल होते?

अव्वल कारकून : होते. आपण त्या बोक्याला ओळखता की काय?

प्राध्यापक : मी आपल्या मयताला ओळखतो. महाशय, ही दोन्ही प्रकरणे एकत्र करा. ज्याला आपण मयत म्हणता तोच आपला चोर आहे. या प्राण्याच्या पुढच्या अंगाला कठीण कवच असले, तरी त्याचे पोट मऊ, उघडे आणि उजवीकडे पिळवटलेले असते. ते झाकण्यासाठी गोगलगायीच्या जातीच्या प्राण्यांनी सोडलेला शंख त्याला धारण करावा लागतो. आणि अंग वाढेल तसतसा मोठा शंख शोधून, त्याची लांबीरुंदी पायांनी मोजून, मनास आला तर निमिषार्धात एकातून दुसऱ्यात शिरणे, हा त्याचा जन्मभराचा उद्योग आहे. निळा शंख त्याला अपुरा पडत होता, शिवाय त्याचा रंग पाण्याने सुटून पोटात जाण्याचे भय होते. त्याने जुना कब्जा खुशीने सोडला, नवा घेतला आणि तो वाळूखाली गेला.

अव्वल कारकून : फेरफार न करता?

प्राध्यापक : समुद्रकिनारी तो फेरफारही रीतसर होतो. एखादा मोठा रिकामा शंख वाळूवर आला, की लहानमोठे खेकडे त्याच्याभोवती जमून मापाप्रमाणे रांग धरतात. सर्वांत मोठा त्यात शिरला, की त्याच्या मोकळ्या शंखात दुसरा, दुसऱ्याच्या शंखात तिसरा, अशी घटकेत सर्वांची घरे बदलतात.

अव्वल कारकून : (सद्गदित होऊन) एका दिवसात इतके फेरफार! तेथे तलाठी कोण आहे?

प्राध्यापक : तलाठी नाही, म्हणूनच होतात. आता सांगा, गैरहजर होण्यापूर्वी त्याचे वर्तन कसे होते?

अव्वल कारकून : रोजनामचा ठेवला आहे. (वही उघडून) फाल्गुन वद्य पंचमी : इसम दिवसभर कोपऱ्यात खड्डे खणीत होता. षष्ठी : पाण्याच्या वाटीत वारंवार जाऊन बसला. सप्तमी : खाणे भरपूर, हालचाल मंद, पुकारा केला असता ओ दिली नाही. अष्टमी : अंगाचा तांबूस रंग जाऊन राखाडी छटा आली, डोळे मोतीबिंदू झाल्यासारखे धूसर. नवमी : आदल्या महिन्यात गळालेल्या पायाच्या जागी पारदर्शक, चिकासारखा कोंब दिसला. दशमीपासून गैरहजर. शेरा : आजाराचे सोंग.

प्राध्यापक : धन्य आहे! वर्गात इतके बारकाईने टिपण करणारा विद्यार्थी मला मिळाला नाही, आणि इतके शुद्ध पुरावे समोर असताना इतका चुकीचा निष्कर्ष काढणाराही मिळाला नाही. खणणे, पाणी साठविणे, भरपूर खाणे, मांद्य, राखाडी वर्ण, धूसर नेत्र आणि गळालेल्या पायाचा कोंब, ही सारी लक्षणे एकाच गोष्टीची आहेत : खेकडा कात टाकावयास गेला आहे.

अव्वल कारकून : कात तर साप टाकतो.

प्राध्यापक : ज्याचे कवच वाढत नाही पण अंग वाढते, त्या प्रत्येकाला ती टाकावी लागते, आपल्या बिंदुसरा नदीतल्या खेकड्यालासुद्धा. आपण मनाई हुकमाला मान देता ना?

अव्वल कारकून : प्राणापलीकडे.

प्राध्यापक : मग ऐका. खेकड्याच्या डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते. तिच्यातून जो रस पाझरतो त्याचे काम एवढेच, की कात टाकण्याची आज्ञा देणारी जी दुसरी ग्रंथी शरीरात आहे तिला रोखून धरणे. हा मनाई हुकूम जारी आहे तोवर सारे स्थिर. तो उठला की दुसरी ग्रंथी आपला रस सोडते, जुन्या कवचातला चुना अंगात ओढून घेतला जातो, आतल्या बाजूस नवे मऊ कवच तयार होते, आणि मग तो प्राणी पाण्याने अंग फुगवून, जुने कवच उकलून, पाय, नांग्या, डोळ्यांवरची आणि कल्ल्यांवरची आवरणेसुद्धा सोडून बाहेर येतो. प्रयोगशाळेत दोन्ही देठ छाटले, तर खेकडे बहुधा मुदतीपूर्वीच कात टाकू लागतात. आणि हे शास्त्र काही सातासमुद्रापलीकडचे नव्हे. १९७० च्या दशकात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. आर. नागभूषणम् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या अंतःस्रावांचा अभ्यास केला होता.

अव्वल कारकून : मनाई हुकूम डोळ्यात ठेवायचा! आमच्या कचेरीत तो कपाटात ठेवीत, म्हणून कोणाच्या दृष्टीस पडत नसे. बरे, ते उतरविलेले कवच तो जमा कोठे करतो?

प्राध्यापक : खातो.

अव्वल कारकून : खातो! जडसंग्रह नोंदवहीत नोंद न करता?

प्राध्यापक : नवे कवच कठीण व्हायला चुना लागतो, आणि तो वाळूखाली दुसरा कोठून मिळणार? म्हणून आपण आता उलथणे घातले असते, तर मेणासारख्या मऊ देहाला जखम झाली असती, त्याचा ओला भुयारी कोष ढासळला असता आणि त्याच्या तोंडचा घास गेला असता. मग पंचनाम्यातला मजकूर खरा ठरला असता, पण पंचनाम्यामुळे!

(मुकादम येतो. साखर कारखान्याच्या हंगामाचा पट्टा पडून त्याची ऊसतोडीची टोळी नुकतीच गावी परतली आहे.)

मुकादम : रामराम साहेब. रामराम सर. कोण गेलं म्हणायचं?

अव्वल कारकून : खेकडा गेला, असे माझे म्हणणे, रजेवर आहे, असे यांचे म्हणणे. पंधरा दिवस दर्शन नाही, हाक नाही, दार बंद. तूच सांग, मयत की नाही?

मुकादम : आता असं बगा साहेब. दिवाळी झाली की आमच्या वाडीतनं कोयते निघत्यात. घराला कुलूप, मागं म्हातारी माणसं अन् कुत्री. तवा कुणी सरकारी माणूस आला, चार दारं वाजिवली अन् लिहून गेला, 'मालक मयत', तर पट्टा पडल्यावर आम्ही यायचं कुणाच्या घरात? कुलूप हाय म्हंजी माणूस हाय कुठंतरी.

प्राध्यापक : मला इतका वेळ लागला ते यांनी दोन वाक्यांत सांगितले.

अव्वल कारकून : असू द्या. परंतु उद्या तो खरोखरच मयत झाला, तर मला कळावे कसे? की त्याच्या नावे जन्मभर शिधा काढीत राहू?

प्राध्यापक : वास. आंबलेल्या मासळीचा, ओसरीवरून माजघरात पोहोचेल असा वास आला, तर शंका उरत नाही. एरवी वाळूवर खेकड्यासारखे काही निपचित दिसले, तर आधी ते केवळ टाकलेले कवच तर नाही, हे पाहावे. कवच हलके व पोकळ असते. मेलेल्या खेकड्याच्या वासाची ख्याती त्याच्या जातभाईंतही मोठी आहे. तो वास आला की ते लगबगीने तिकडे जातात.

मुकादम : मैताला?

प्राध्यापक : शंख रिकामा झाला म्हणून.

अव्वल कारकून : वारसांची ही रीत सर्व योनींत सारखीच दिसते.

प्राध्यापक : आणि तीच त्यांना भोवते. हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर किनाऱ्याला लागलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांत एक खेकडा शिरतो, गुळगुळीत भिंतीवरून त्याला बाहेर येता येत नाही, तो मरतो. त्याच्या वासावर दुसरा शिरतो, मग तिसरा. तेथे अशा रीतीने पाच लाखांहून अधिक खेकडे मेले असावेत, असा अंदाज २०१९ साली प्रसिद्ध झाला.

मुकादम : जागेच्या लोभापायी.

प्राध्यापक : खरा आजार ओळखावयाची लक्षणे निराळी. कात टाकणारा खेकडा जमिनीखाली जातो. आजारी खेकडा वरच पडून राहतो, उचलला असता शंखाबाहेर लोंबतो, एकामागून एक पाय गाळतो, किंवा शंख सोडून नागवा बसतो आणि चांगला शंख पुढे ठेवला तरी आत जात नाही. आणि बीडमध्ये या आजाराचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्याकडे पाऊस वर्षाकाठी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आणि चैत्र-वैशाखातल्या दुपारी हवेत ओल ती कितीशी असणार? हा प्राणी जमिनीवर राहत असला तरी श्वास घेतो तो कल्ल्यांनी, आणि ते कल्ले ओले नसले तर भर हवेत तो गुदमरतो. त्याला पाऊणशे ते ऐंशी टक्के आर्द्रता हवी.

अव्वल कारकून : इतकी आर्द्रता जिल्ह्यात फक्त कंकालेश्वराच्या कुंडात असेल!

प्राध्यापक : म्हणून ती पेटीत करावयाची. जाळीऐवजी वर काचेचे झाकण. तो वर आल्यावर वाळूत नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळून, मूठ वळली तर वळावी पण पाणी सुटू नये इतका ओलावा. आणि थर निदान वीतभर, कारण दोन बोटे वाळूत त्याने पुरून घ्यावे तरी कसे? पेटी मात्र आताच, धक्का न लावता, या उन्हातून उचलून माजघरात न्या. या दोन वाट्यांत काय आहे?

अव्वल कारकून : एकीत नळाचे पाणी. दुसरीत मिठाचे, भाच्याने सांगितले होते, म्हणून स्वयंपाकघरातले दोन चमचे मीठ घातले.

प्राध्यापक : दोन्ही फेका. नळाच्या पाण्यातली ब्लिचिंग पावडर त्याच्या कल्ल्यांना सोसत नाही. ते उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मग द्यावे. आणि स्वयंपाकघरातले मीठ म्हणजे समुद्र नव्हे. मत्स्यपेट्यांसाठी सागरी क्षारांचे मिश्रण विकत मिळते, ते घाला. खाण्याचे फारसे अडत नाही; बिनमिठाची सुकी मासळी, खोबरे, फळ, अंड्याच्या टरफलाचा चुरा, काहीही चालते.

मुकादम : एवढी सरबराई? आमच्याकडं पाऊस पडला की नाल्यातनं धरत्यात अन् रस्सा करत्यात.

प्राध्यापक : तो खेकडा निराळा, आणि रश्श्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण भाच्याला एक निरोप कळवा. या जातीची पिल्ले समुद्राच्या पाण्यात वाढतात. पेटीत त्यांची वीण जवळजवळ होतच नाही. म्हणजे दुकानात विकला जाणारा बहुतेक प्रत्येक खेकडा कोणत्या तरी किनाऱ्यावरून उचललेला असतो, आणि किनाऱ्यावर तो तीस वर्षांहून अधिक जगू शकतो. याचाच मोठा भाऊबंद, अंदमान-निकोबारातला नारळी खेकडा, तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तेव्हा दुसरा पाठवू नये.

अव्वल कारकून : (दचकून) तीस वर्षे! म्हणजे हा माझ्या पेन्शनीपेक्षा अधिक काळ चालणार. ठीक आहे. मयताचा पंचनामा रद्द करतो, बोक्याविरुद्धची फिर्याद काढून घेतो. परंतु रुजू होण्याची तारीख तरी द्या. रजा अर्जित आहे, वैद्यकीय आहे, की बिनपगारी?

प्राध्यापक : लहान असेल तर महिना ते दोन महिने, मोठा असेल तर त्याहून अधिक. तारीख त्याच्या मर्जीवर.

अव्वल कारकून : आणि तोवर माझे कर्तव्य?

प्राध्यापक : ओलावा राखणे, पाणी बदलणे, आणि बाकी काही न करणे. उकरायचे नाही, पेटी एकदा आत नेल्यावर हलवायची नाही, दर तासाला दिवा लावून पाहायचे नाही.

अव्वल कारकून : पण कागदावर शेरा काय मारू?

प्राध्यापक : 'प्रलंबित'.

अव्वल कारकून : (लेखणी थरथरते) अशक्य! इतक्या वर्षांच्या नोकरीत हा शब्द माझ्या हातून कधी उमटला नाही. माझ्या मेजावर आलेला कागद सूर्यास्तापूर्वी...

मुकादम : तेच इचारायचं होतं साहेब, बरं झालं विषय निघाला. बापाच्या मागं जमिनीला आमची नावं लावायचा अर्ज तुमच्याच मेजावर दिला होता, तुमी नोकरीत असताना. अजून बाहेर आला न्हाई. ह्या सरांचं ऐकून आता वाटतंय, त्यो बी कात टाकाया बसला असंल.