पत्रेकाका

गराजमध्ये गाडी आहे पण ती चालत नाही, आणि चालणारी गाडी आहे पण तिला गराज नाही, असा एक गृहस्थ तुमच्याही ओळखीत असणारच. डेट्रॉइटच्या आसपास राहत असाल तर असे तीन-चार असतील आणि त्यातला एक तरी मराठी निघेल. आमच्या वाट्याला पत्रेकाका आले.

खरं आडनाव वेगळं आहे. इथल्या मराठी मंडळातली पोरं त्यांना पत्रेकाका म्हणायला लागली आणि हळूहळू मोठ्यांनाही खरं आडनाव आठवेनासं झालं. नोकरी मोटारीच्या धंद्यातच. दिवसभर संगणकावर दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या क्लिपा डिझाइन करायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन १९६९ च्या शेव्हर्ले कॅमेरोचा पत्रा ठोकायचा. दिवसा पाप आणि रात्री प्रायश्चित्त, असं काकू म्हणतात. काकूंची गाडी बारा महिने बाहेर, बर्फात.

पण काकांची ओळख करून द्यायची तर आधी चुंबकाची करून द्यायला हवी. फ्रिजवर लावायचं चुंबक, वर कसबा गणपतीचं चित्र, पुण्याहून आणलेलं. फ्रिजवर मी ते कधी पाहिलं नाही. ते काकांच्या खिशात असतं, मऊ फडक्यात गुंडाळून. जुनी गाडी दिसली की काका जवळ सरकतात, फडक्यासकट चुंबक मागच्या चाकावरच्या पत्र्याला टेकवतात आणि हात सोडतात. पत्रा खरा असेल तर चिकटतं. कुजलेल्या जागी पुट्टी थापून वर रंग मारला असेल तर घसरतं. परीक्षा बिनतोड आहे. जुन्या गाड्यांचे जाणकार ती करतातच. पण ते गाडी विकत घेताना करतात. काका कुणाच्याही गाडीची, कुठेही करतात आणि निकाल जाहीर करतात, "बाप्पा धरत नाहीत!"

एकदा मंडळाच्या गणपतीला एक डॉक्टर १९६७ ची लाल मस्टँग घेऊन आले. 'संपूर्ण रिस्टोअर केलीय' हे त्यांनी चपला काढण्यापासून आरतीला उभं राहीपर्यंत भेटेल त्याला सांगितलं. आरतीला काका गायब. प्रसादाच्या वेळी उगवले आणि डॉक्टरांच्या कानाशी लागले. काकांचं कानाशी बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं. "मागचा डावा पत्रा. चाकापासून वर वीतभर. बाप्पा धरत नाहीत." डॉक्टरांचा मोदक हातातच राहिला. पुढच्या वर्षी ते गणपतीला आले नाहीत.

शेजारच्या निवृत्त आजोबांकडे कॉर्व्हेट आहे. कॉर्व्हेटची बॉडी १९५३ पासून फायबरग्लासची, हे काकांना झोपेतही माहीत आहे. तरीही बाप्पा पुढून, मागून, टपावर, सगळीकडे लावून झाले. शेवटी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला चाकं लावलीत." आजोबांना इंग्रजीत एवढंच सांगितलं, की रंग फार सुंदर आहे.

पुढे पुढे गाड्याही पुरेनात. अध्यक्षांचं भाषण 'निःस्वार्थ सेवा' या शब्दांपाशी आलं की काका खिशातून फडकं काढून नुसतं मांडीवर ठेवतात आणि आमच्या रांगेत खोकल्याची साथ येते. लेकीनं लग्न ठरवलेल्या मुलाला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा काकू आत पुऱ्या तळत होत्या आणि काका बाहेर त्याच्या सेकंडहँड गाडीपाशी वाकले होते. आत येऊन त्यांनी निकाल दिला, "पुढचा फेंडर बदललाय. पण मी विचारायच्या आधी त्यानंच सांगितलं. मुलगा चांगला आहे." लग्न थाटात झालं.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. १९९५ पासून जवळजवळ दर वर्षी हजारो जुन्या गाड्या तिथे रांगत जातात. काका जातात काकूंच्या हायब्रिडमधून. फुटपाथवर घडीची खुर्ची मांडतात आणि शेजारी बसेल त्याला पाँटियाक जीटीओची कथा ऐकवतात. १९६४ चं मॉडेल. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम. पाँटियाकवाल्यांनी टेंपेस्टमध्ये ३८९ चं घातलं आणि कागदावर त्याला नवी गाडी न म्हणता जादा पैसे भरून मिळणारं पॅकेज म्हटलं. मसल कारचं युग तिथून सुरू झालं. "डिलोरियन त्यांचा मुख्य इंजिनिअर," काका सांगतात, "अमेरिकन नुसता नावाला. डोकं पेठेतलं!"

आता खुद्द कॅमेरो. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खाऊन खाऊन गाडीचा तळ, डिकी, चाकांवरच्या कमानी, सगळ्याची जाळी झालेली. या गाडीचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आज नवा, तयार मिळतो. अख्खी बॉडीसुद्धा मिळते. फोन करा, दारात येऊन पडेल. काकांना हे सुचवून पाहा. "तयार?" एवढंच विचारतात, पण असं, की आपण गौरीला बाहेरून पुरणपोळी मागवायची गोष्ट काढली असावी.

त्यापेक्षा ते पुठ्ठा घेतात. आधी पुठ्ठ्याचा साचा. त्यामुळे आमच्याकडे कुणाच्याही घरी मिठाईचा खोका टाकायची सोय राहिलेली नाही. कॅमेरोच्या ड्रायव्हरच्या पायाखालचा भाग मुळात काजूकतलीच्या खोक्यावर बेतलेला आहे. तुपाचा डाग मी पाहिलाय. मग १८ गेजचा पत्रा कापायचा, वाळूच्या पिशवीवर ठोकून त्याला पोट आणायचं, पत्रा दाबायच्या चाकात घालून गुळगुळीत करायचं, लावून बघायचं, काढायचं, पुन्हा ठोकायचं. एकदा मी दिवा धरून उभा होतो. वेल्डिंगचा एक टॅक मारला, मग वीतभर लांब दुसरा, मग उलट्या टोकाला तिसरा. मग हात लावून बघणं, निवेपर्यंत थांबणं. मी म्हटलं, सरळ एका ओळीत ओढत का नाही नेत? "एका जागी तापला की पत्रा वाकडा होतो. मग पुट्टी. मग बाप्पा..." पुढचं मीच पूर्ण केलं.

ठोकताना ते बघत नाहीत, ऐकतात. मागे धरलेला लोखंडी ठोकळा, म्हणजे डॉली, बरोबर घावाखाली असेल तर आवाज खणखणीत येतो, सरकली की बद्द. हा कान कॉलेजात मिळालेला नाही. काकांचं लहानपण कसबा पेठेत गेलं. शाळा सुटली की घरी न जाता तांबट आळीत उभे राहायचे. तिथे एका मापानं पडणाऱ्या ठोक्यांनी तांब्याच्या हंड्यांवर मठार उमटत असायचा. घरी उशिराबद्दल मार आणि वर 'ठोकाठोकी करायला जन्माला आलायस का' हा प्रश्न. काकांनी उत्तर दिलं नाही. इंजिनिअर झाले, अमेरिकेला आले, क्लिपा करू लागले.

गेल्या महिन्यात काका चहा सांगायला आत गेले आणि चुंबक बाकावर राहिलं. मी संधी साधली. तळाला लावलं, चिकटलं. कमानींना लावलं, चिकटलं. टप जिथे खाली उतरून मागच्या पत्र्याला मिळतो तिथे लावलं, आणि चक्क घसरलं! सगळ्या मंडळाच्या वतीनं मी ओरडलो, "काका, बाप्पा धरत नाहीत!"

काका कप घेऊन शांतपणे आले. "शिसं आहे ते. कारखान्यातलं." हा सांधा त्या काळी शिसं भरून, घासून एकजीव करत. गाडीच्या नंबरातल्या 'एन'वर त्यांनी बोट ठेवलं. म्हणजे ओहायोतला नॉर्वूडचा कारखाना. तो १९८७ मध्ये बंद पडला. "कुणा कामगारानं हातानं केलेलं काम आहे. तयार अख्खा पत्रा बसवायचा म्हणजे हा सांधा उघडायला लागतो."

त्या हातभर सांध्यासाठी हा माणूस इतकी वर्षं त्याच्या खालून ठिगळं घडवत होता. आणि आम्ही त्याला चिक्कू म्हणत होतो. मी काही बोलायच्या आत काकांनी बजावलं, "आणि शिसं पुट्टीत मोजायचं नाही. ते फिजिक्स आहे."

परवा काकूंचा फोन आला. १९७० ची शेव्हेल ट्रेलरवर घालून दारात आणून ठेवलीय, म्हणे.

"बाप्पा धरतात का?" मी विचारलं.

"धरायला पत्रा उरलाय कुठे तिला! सकाळपासून नुसती शीळ घालत फिरतायत. आणि हो, तुमच्याकडे नवा फ्रिज आला ना? त्याचा खोका टाकू नका, असं सांगायला सांगितलंय."