बंदुकीचं माहेर

तळकोकणातल्या आमच्या घरात एक बंदूक आहे. शेतीसंरक्षणाची, परवान्याची. पण निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात राहायला जाते, आणि आपल्याकडे निवडणुकांना तोटा नाही.

२०२४ सालचंच घ्या. काजूला बोंडू धरले, माकडांच्या टोळ्या उतरल्या, आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. काकांनी बंदूक गोणपाटात गुंडाळून जमा केली, पावती रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवली. पंधरा दिवसांनी उगीचच ठाण्यावरून चक्कर मारून आले. "गंज चढत असेल हो. तिथे कोण पुसतंय तिला!" सून बाळंतपणाला माहेरी पाठवल्यासारखी त्यांची अवस्था.

ही बंदूक आजोबांनी पारखून घेतलेली. काडतुसाची बारा बोअर घ्यावी की ठासणीची, यावर म्हणे त्यांनी दोन पावसाळे विचार केला. काडतुसाची झटपट, पण काडतुसं महाग. ठासणीची स्वस्त, म्हणून ठासणीची आली. आता तिचा सोहळा पाहा. आधी नळीत दारू ओतायची. त्यावर काथ्याचा बोळा. गजाने ठोकायचं. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी घोड्याखाली केप बसवायची. एवढं करून कोकणातल्या हवेत दारू सर्दावलेली असली, तर नुसतं 'टक्'. कंदिलाच्या उजेडात आजोबा हे सगळं निगुतीने करत असताना आजी दारातून विचारायची, "डुकर काय तुमची वाट बघीत रवतलो?" आणि रॉकेलचा रिकामा डबा बडवत ती मळ्याकडे निघायची. डुक्कर डब्यालाच पळायचं. आजोबांचा बार नंतर व्हायचा, बहुधा मानासाठी.

पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला. रानडुक्कर मनात आलं म्हणून मारायची सोय उरली नाही. बंदुकीकडे राहिलं ते मुख्यतः आवाजाचं काम. म्हणजे ती रीतसर डब्याच्या पंक्तीला येऊन बसली. फरक इतकाच, की डब्याला परवाना लागत नाही.

जूनमध्ये बंदूक माहेरून परतली. ८ जुलैला तिकडे ह्यूस्टनवर बेरिल चक्रीवादळ आदळलं. काकांचा पुतण्या तिथेच. वीज गेलेली, उकाड्याने जीव नकोसा झालेला, फोन गाडीत चार्ज करून त्याने काकांना गाठलं. "काका, अशा वेळी घरात एक असावी असं वाटतंय. कुठली घेऊ? इथले लोक बारा गेजची शॉटगन म्हणतात." टेक्ससमधलं दुकान म्हणजे आमच्याकडचं साड्यांचं दुकान, बघावं तितकं थोडं. बारा गेज म्हणजे आपली बारा बोअरच; काकांना भरून आलं. आजोबांची हुकलेली बंदूक नातू घेणार! पण तोंडातून वेगळंच निघालं: "पिण्याचं पाणी किती दिवसांचं आहे घरात?"

दोन बाटल्या होत्या.

"बॅटरी?" टॉर्च होता, सेल नव्हते.

"शेजारी कोण राहतो?" पुतण्या जरा थांबला. सहा वर्षांत विचारायचं राहून गेलं होतं.

"मग आधी तेवढं विचारून ये," काका म्हणाले. "बंदूक कुठे पळून जात नाही. आमची जाते, ती गोष्ट वेगळी."

आणि गेलीच. ऑक्टोबरात भात पिवळं पडलं, डुकरांच्या डोळ्यांत भरलं, आणि १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. डुकरं आणि निवडणूक आयोग एकच पंचांग वापरतात असा काकांना दाट संशय आहे. त्या महिन्यात काकूने आजीचा तोच पोचे पडलेला डबा माळ्यावरून काढला. रात्री एका घरचा डबा वाजला की पलीकडच्या मळ्यातून दुसरा वाजायचा, मग तिसरा. वाडीभर नुसता दणदणाट.

नोव्हेंबर सरता सरता बंदूक घरी आली, तेव्हा भात कणगीत पडलं होतं. काकांनी शिलाई मशीनचं तेल लावून ती पुसली, नळीत डोळा घालून पाहिलं आणि खुंटीवर टांगली. डबा माळ्यावर टाकायला उचलला, तर काकू म्हणाली, "तो राहू दे दाराशीच."