विक्रीपश्चात सेवा : भोईवाडा विभाग

कुठलंही यंत्र घेतलं की सोबत घडीची पुस्तिका येते. पहिल्या पानावर अभिनंदन, मधल्या पानांवर न वाचण्याच्या सूचना आणि शेवटी सेवा केंद्राचा पत्ता. वेप नावाच्या नळीसोबत यातलं काहीच येत नाही. किंमत पावतीवर नसते, कारण पावतीच नसते. ज्याने विकली तो पुढच्या आठवड्यात त्याच कोपऱ्यावर उभा असेल याची हमी तो स्वतःही देत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शन आहे आणि ते मुद्दाम परळ-भोईवाड्याच्या रहिवाशांसाठी आहे. या वस्तूला लागणाऱ्या सगळ्या सेवा चालत जाण्याच्या अंतरावर असलेला इतका सोयीचा भाग मुंबईत दुसरा नाही. पोलीस ठाणं इथे, न्यायालय इथे, केईएम रुग्णालय इथे, टाटा कॅन्सर रुग्णालय इथे. नवी मोटार घेणाऱ्यालासुद्धा एवढं नशीब लाभत नाही.

ग्राहकांच्या तक्रारींत अग्रक्रमावर असलेला बिघाड : ओढलं की टोकाचा दिवा लुकलुकतो आणि वाफ येत नाही.

यावर नवखा माणूस नळी झटकतो, तळहातावर आपटतो, उलटी धरून फुंकतो. टीव्हीच्या रिमोटपासून चालत आलेली ही आपली राष्ट्रीय दुरुस्तीपद्धती इथे लागू पडत नाही. दिवा लुकलुकतो म्हणजे बॅटरी उतरली. नळीला चार्जिंगचं भोक असेल तर चार्ज करावी. (उशीखाली ठेवून नव्हे. लिथियमचा सेल पेटला तर तो फुंकरीने विझत नाही.) भोक नसेल तर आपण 'वापरा आणि फेका' जातीची नळी घेतली आहे, आणि आता तिचा दुसरा भाग सुरू झाला आहे.

तरीही उघडून बघण्याची हौस असेल तर नाक्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जावं. तो चिमट्याने वरचं प्लास्टिकचं तोंड ओढून काढतो. आतून चिकट, आंब्याच्या गोळीचा वास मारणारा कापूस बाहेर येतो. त्या कापसाला टेकलेली बारीक तार म्हणजे कॉइल. खाली करंगळीएवढा सेल आणि तळाशी शर्टाच्या बटणाहून लहान एक चकती. सगळी हुशारी त्या चकतीत. आपण ओढलं की नळीतला हवेचा दाब उतरतो, तो चकतीला कळतो, ती सेलचा रस्ता मोकळा करते, तार दोनशे अंशांच्या पुढेमागे तापते आणि कापसातला द्रव तुषार होऊन छातीत जातो. त्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि फ्लेवर असतात. 'नुसती पाण्याची वाफ आहे हो' असं सांगणाऱ्या पुतण्याला ही यादी वाचून दाखवावी. पाणी तिच्यात मुख्य घटक म्हणून कुठेच नाही.

दुरुस्तीवाला सेलला मीटर लावतो आणि भुवया उंचावतो. "काका, सेल एकदम टकाटक आहे. चार्जिंगला भोकच नाही ठेवलेलं." त्याचं निदान बरोबर आहे. फेकण्याच्या नळीतला सेल बहुधा पुन्हा चार्ज होणाऱ्या जातीचाच असतो. ब्रिटनमधल्या संशोधकांनी तसे सेल शेकडो वेळा भरून आणि रिकामे करून पाहिले आहेत. म्हणजे शेकडो फेऱ्या टिकणारी वस्तू घ्यायची, तिच्यातून एकच फेरी काढायची आणि कचऱ्यात टाकायची. मिक्सरचं भांडं तीनदा झाळून घेणाऱ्या, छत्रीची काडी पावसाळ्याआधी बदलून घेणाऱ्या आमच्या चाळीत हा हिशोब कुणी मांडला असता तर त्याला पागडीच्या खोलीतूनही बाहेर काढलं असतं. 2023 साली ब्रिटनमध्ये अशा पन्नास लाख नळ्या दर आठवड्याला फेकल्या जात होत्या. शेवटी 1 जून 2025 पासून तिथे त्यांची विक्री बंद झाली. व्यापाऱ्यांनी तीच नळी चार्जिंगचं भोक पाडून आणि द्रवाची बदलता येणारी कुपी लावून पुन्हा मांडली. जुनी आणि नवी शेजारी ठेवली तर फरक ओळखायला भिंग लागेल.

जळका वास आला तर कापूस सुकलेला आहे, द्रव संपला आहे. इथे फार बोलण्यासारखं नाही. ओढू नये, एवढंच.

यापेक्षा गंभीर बिघाड वेगळाच, आणि तो नळी उघडून सापडत नाही. दिवा नीट लागतो, वाफ नीट येते, पण मालक लुकलुकतो. लक्षणं अशी : लेक्चरमध्ये लक्ष लागत नाही, डोकं धरतं, आईने 'जेवायला बस' म्हटलं तरी राग येतो आणि अंघोळीला वीस मिनिटं लागतात. निदान सोपं आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग मेंदू चार्जिंग मागतो. बाजारातल्या पुष्कळ नळ्यांवर पाच टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे दर मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या आसपास. युरोपीय संघाने ही मर्यादा 20 वर बांधली आहे. आपल्याकडे अशी मर्यादा नाही, कारण मालच कायद्याने अस्तित्वात नाही, आणि जो माल नाही त्याचं प्रमाण कोण ठरवणार? घरच्या घरी करायची चाचणी : सकाळी डोळे उघडल्यावर हात आधी चहाच्या कपाकडे जातो की उशीखाली? दुसरं उत्तर आलं तर नळी बदलून उपयोग नाही, ती ठणठणीत आहे.

आता ज्यासाठी लोक रात्र रात्र डोकं शिणवतात तो प्रश्न : फेकायची बरी की भरायची?

भरायची जी असते तिला लोक पॉड म्हणतात. बॅटरी कायमची, कॉइल बदलायची, द्रव बाटलीतून भरायचा. पहिल्या महिन्यानंतर ती स्वस्त पडते, कचरा कमी होतो, आणि मालकाला आपण काहीतरी तांत्रिक करतो आहोत असं समाधान मिळतं. तो ओहमबद्दल बोलू लागतो. कॉइल नवी घातल्यावर कापूस मुरू द्यावा हे तो अशा स्वरात सांगतो, जसं लोणच्याबद्दल आजी सांगते. तोटे दोन. एक, बाटली घरात राहते, आणि फळांच्या वासाचा तो द्रव लहान मुलाच्या पोटात गेला तर विष आहे. दोन, बाटलीत काय आहे ते बाटली भरणाऱ्यालाच ठाऊक. 2019 मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांची फुफ्फुसं अचानक बिघडू लागली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण रुग्णालयात पोहोचले आणि 68 दगावले. त्यातला बहुतेक दोष गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या 'ई' जीवनसत्त्वाच्या एका रूपाकडे गेला, आणि तो माल बव्हंशी ओळखीपाळखीतून, आडवळणाने आलेला होता. ज्या मालाची सगळी आवकच आडवळणाची, तिथल्या ग्राहकाने हा तपशील नीट वाचावा.

फेकायची जी असते तिचा गुण म्हणजे तिला काही कळावं लागत नाही. खिशातल्या हायलायटरसारखी दिसते, आणि दप्तर तपासणाऱ्या आईला तीच गोष्ट महागात पडते.

तुलनेचा खरा निकाल मात्र दिल्लीत लागून गेला आहे. 18 सप्टेंबर 2019 रोजी बंदीचा अध्यादेश निघाला, त्याच डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्याच्या व्याख्येत फेकायची, भरायची, तंबाखू नुसता तापवणारी, इलेक्ट्रिक हुक्का, सगळ्या बहिणी एका रांगेत बसवल्या आहेत. आत निकोटिन असो वा नसो. त्यामुळे 'यात निकोटिन नाही हो' हा बचाव टपरीवर चालतो, ठाण्यात चालत नाही. बनवणं, आणणं, नेणं, विकणं, जाहिरात करणं यांना पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवल्यास सहा महिन्यांपर्यंत किंवा पन्नास हजारांपर्यंत, किंवा दोन्ही. ओढण्यासाठी वेगळं कलम नाही, या आधारावर कॉलेजच्या कट्ट्यावर फार मोठे कायदेपंडित तयार झाले आहेत. खिशातला एक नग म्हणजे साठा की नाही, यावर त्यांना जरूर युक्तिवाद करता येईल. भोईवाडा न्यायालय जवळच आहे.

इथे एक रास्त शंका निघते. तंबाखू, बिडी, सिगारेट खुशाल मिळते; मग या नळीवरच एवढा राग का? शंका खरी आहे आणि सरकारकडे तिचं सोज्वळ उत्तर नाही. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, आणि गुटखा कुठे मिळतो हे शोधायला कुणाला गुप्तहेर लावावा लागत नाही. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखू विकू नये असाही कायदा आहे; यार्ड मोजायची पट्टी कुणाकडे असते कोण जाणे. पण सिगारेटच्या पाकिटावर निदान कुजलेल्या तोंडाचं चित्र आणि 1800-11-2356 हा व्यसन सोडवण्याचा मोफत क्रमांक छापलेला असतो. बंदी असलेल्या मालावर इशारा छापायची सोय नाही. म्हणून नळीवर छापलेलं असतं ते फक्त 'वॉटरमेलन आइस'.

हे फ्लेवर कुठे ओढावेत याबद्दलही दोन शब्द. टाटाच्या बाहेरची पदपथाची कड सोयीची वाटते, तिथे गर्दीत कुणी बघत नाही. तिथे 1941 पासून देशभरातली माणसं येतात. कुणाच्या काखेत सीटी स्कॅनच्या फिल्मची मोठी पिशवी, कुणाच्या गळ्यावर गॉज, कुणी भिंतीला टेकून स्टीलच्या डब्यातला भात पातळ करून देतं, कारण तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर चटई इथेच. कलिंगडाच्या वासाचा ढग अशा ठिकाणी सोडला की लोक मान वळवून बघतात. बोलत मात्र कुणी नाही. त्यांना नंबर लागायची घाई असते.

शेवटी विल्हेवाट. मेलेली नळी ओल्या कचऱ्यात टाकू नये, सुक्यातही टाकू नये. सेल कचऱ्याच्या गाडीत चेपला गेला तर गाडी पेटू शकते. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी, तर तिथवर 'नेणं' आलं, आणि नेण्याबद्दलचं कलम वर दिलेलंच आहे. राजमार्ग कायद्यानेच सांगितला आहे : 2019 मध्ये ज्याच्याकडे साठा होता त्याने यादी करून तो विनाविलंब जवळच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या कार्यालयात जमा करायचा होता, आणि उपनिरीक्षक व त्यावरचे पोलीस अधिकारी असे अधिकृत अधिकारी आहेत. यादी दोन प्रतींत करावी. रंग, फ्लेवर, दिवा लुकलुकतो की नाही, सगळं स्वच्छ अक्षरात लिहावं. दुपारी दोन ते चार टाळावं. टेबलामागचा अंमलदार 'कुठून घेतली?' असं विचारेल. तेव्हा पावती काढून दाखवावी.