खुर्ची (लहान), १ नग

आमच्या स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या ज्या मिस्त्रींनी केल्या, त्यांना मी फोन लावला. तीन वर्षांच्या मुलीसाठी लाकडी खुर्ची हवी, अगदी साधी. ते म्हणाले, "ताई, मजुरी मोठ्या खुर्चीचीच पडेल."

माणूस लुबाडायला बसलाय असं मला वाटलं. पण त्यांनी हिशेब मांडला. मोठ्या खुर्चीला पाय चार, छोटीलाही चार. आडव्या पट्ट्या तेवढ्याच, सांधे तेवढेच. उलट छोट्या खाचेत पटाशी फिरवताना हात आखडतो. कमी लागतं ते फक्त लाकूड, आणि लाकूड तर गिऱ्हाइकाचंच असतं. हिशेब बिनतोड होता. "शिवाय मी आता प्लाय आणि सनमायकाच करतो," ते म्हणाले. "रंधा गावाला नेऊन ठेवलाय. तुम्ही प्लॅस्टिकची का घेत नाही?"

प्लॅस्टिकची घरात होतीच. तिच्यावर बसलं की बुडाखाली पिपाणी वाजायची. उठलं की पुन्हा वाजायची. आमची लेक एका जेवणात किती वेळा उठते-बसते हे सगळ्या मजल्याला पाठ झालं होतं. म्हणून खुर्ची आपणच करावी असं मी ठरवलं आणि ही गोष्ट रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरात जाहीर केली. जाहीर करायला नको होतं असं नाही, पण घरी सुतारकाम करणाऱ्याने लाकडाच्या आधी माणसांचा अंदाज घ्यावा, एवढं अनुभवाने सांगते.

सासूबाई म्हणाल्या, "खुर्ची कशाला? पाट आहे की." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. आपल्याकडे लहान मुलासाठी पाळणा होता, चालायला लागलं की तीन चाकांचा पांगुळगाडा होता, जेवायला पाट होता. खुर्चीची सोय कुणी केलीच नव्हती. पाळण्यातून उतरलेला माणूस पाटावर बसायचा तो लग्नातही पाटावरच बसायचा. मधे शाळेत बाक लागला तर लागला. सासूबाईंनी बालवाडीत पुष्कळ वर्षं शिकवलं आहे, त्यामुळे त्यांचा शेवटचा शब्द नेहमी ताराबाई मोडकांचा असतो. "ताराबाईंनी अंगणात मुलं गोळा करून शाळा भरवली. शंख, शिंपले, बिया घेऊन शिकवलं. तिथं कुठं होत्या खुर्च्या?"

नवऱ्याने संशोधनाची बाजू घेतली. म्हणजे तो सोफ्यावर आडवा होऊन फोनवर वाचायला लागला. थोड्या वेळाने त्याने ताराबाईंना उत्तर म्हणून माँटेसोरीबाईंना उभं केलं. रोममध्ये १९०७ साली त्यांनी बालगृह काढलं, आणि जड बाकांऐवजी मुलांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या करून घेतल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की हलकी खुर्ची धक्का लागला की पडते, आवाज होतो, आणि आपण धसमुसळे आहोत हे मुलाला कुणी न सांगता कळतं. सासूबाई म्हणाल्या, "मुलाला कळेल. खालच्या मजल्यावरच्यांना कोण सांगणार?"

मग त्याने डेन्मार्कचे हान्स वेग्नर काढले. या गृहस्थांनी आयुष्यात पाचेकशे खुर्च्यांचे आराखडे केले. १९४४ साली, युद्धाच्या धामधुमीत, त्यांच्या मित्राला मुलगा झाला. बाजारात द्यावं असं काही मिळेना, म्हणून वेग्नरनी त्या बाळासाठी चार तुकड्यांची लाकडी खुर्ची केली. खिळा नाही, स्क्रू नाही, सरस नाही. एकात एक अडकवली की झाली. गंमत म्हणजे हा मित्र, बोर्गे मोगेन्सन, स्वतःच फर्निचरचा नामांकित डिझायनर होता. हलवायाच्या बारशाला पेढे घेऊन जावं तसा हा प्रकार. पण ती खुर्ची आजही विकली जाते. किंमत वाचून नवऱ्याने फोन बाजूला ठेवला आणि म्हणाला, "तू कर. तुला जमेल."

राहिले अप्पा, माझे सासरे. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बैठक किती सूत?"

अप्पांच्या लहानपणी त्यांच्या दारात सुतार बसायचा, आणि सुतार इंचाच्या खाली सुतात मोजतो. आठ सूत म्हणजे एक इंच. मी मिलिमीटरवाली. आमच्याकडच्या टेपवर एका कडेला इंच आहेत आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर, त्यामुळे पुढचे कित्येक दिवस आम्ही दोघं एकाच टेपच्या दोन कडा धरून दोन वेगळ्या खुर्च्या मोजत होतो. अप्पा म्हणायचे, "तीन सूत कमी कर." मी ३.१७५ने गुणून साडेनऊ मिलिमीटरवर यायचे आणि पेन्सिल टेकवायचे. तोवर त्यांचं मत बदलून अडीच सूत झालेलं असायचं.

खुर्चीचं खरं माप मात्र टेपने निघत नाही, बसणाऱ्याच्या पायावरून निघतं. टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत जेवढी उंची, तेवढी बैठक हवी. पाऊल जमिनीला सपाट टेकलं पाहिजे. बाजारातल्या पुष्कळ खुर्च्यांवर मुलांचे पाय लोंबतात, मग ती पाय हलवतात, आणि आपण त्यांना चंचल म्हणतो. माप काढायचं कळलं, पण आमच्या लेकीचा गुडघा एका जागी राहत नाही. म्हणून मी अप्पांच्या कपाटातले मराठी विश्वकोशाचे खंड एकावर एक रचले आणि तिला वर बसवलं. पाय टेकेपर्यंत खंड कमी करत यायचं, अशी योजना. ती दुसऱ्या खंडापर्यंत आली आणि सासूबाई बाहेर आल्या. "पुस्तकांवर बसवलंस? सरस्वती आहे ती!" विश्वकोश कपाटात गेला. त्याऐवजी त्यांनी स्वतः घरातले सगळे पाट आणून रचले. नात वर चढली, चारी बाजूंना बघितलं आणि उतरायला नकार दिला. माप निघालं दहा इंच. पाटाचं बूड शेवटी खुर्चीला लागलं याचं समाधान सासूबाईंना झालं असावं, कारण त्यानंतर त्यांचा विरोध नुसता तत्त्वाचा राहिला.

लाकडासाठी भवानी पेठेत गेले. तिथल्या लाकूडबाजारात वखारीला लागून वखार आहे. मालकांनी विचारलं, "चौकट का दरवाजे?" खुर्ची, म्हटलं. "किती नग?" एक. त्यांनी माझ्यामागे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. "साहेब नाही आले?" साहेब फोनवर डेन्मार्कला गेले होते, पण मी तसं सांगितलं नाही.

लाकूड घनफुटावर विकतात. लहान मुलाच्या खुर्चीला लागतो घनफुटाचा जेमतेम पाचवा भाग. मालकांचा चेहरा पाव किलो साखर मागितल्यासारखा झाला नाही, हे त्यांचं मोठेपण. उलट त्यांनी तपशिलात माहिती दिली. हा आफ्रिकन साग, हा घानाचा, हा सीपी, आणि हा बल्लारशा. बल्लारशा म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला. "अयोध्येच्या दरवाजांना हाच गेला, ताई. २०२३ साली. आपल्या चंद्रपूरचा." अयोध्येला गेलेलं लाकूड वरणभात खाण्यासाठी वापरायचं म्हणजे जरा दडपण येतं. पण कुणाच्या तरी चौकटीतून उरलेले तुकडे कोपऱ्यात पडले होते, त्यातले त्यांनी स्वतः निवडून दिले, वजनाच्या अंदाजाने पैसे घेतले आणि पावती काही केली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काम गॅलरीत सुरू झालं. सागवान मऊ म्हणतात, ते रंध्याखाली खरं आहे. पातळ, वेटोळं घेतलेली सालपटं निघतात आणि चामड्याच्या नव्या चपलांसारखा वास सुटतो. पण या लाकडात वाळूचा अंश असतो, सिलिका. ती दिसत नाही, पटाशीची धार मात्र खाते. त्यामुळे माझा वेळ लाकडावर कमी आणि धारेच्या दगडावर जास्त गेला. पायाला खाच, पट्टीला कूस, कूस खाचेत अशी बसली पाहिजे की हाताने ढकलली तर जाईल आणि उलटी धरली तर पडणार नाही. एवढं जमलं की फेव्हिकॉल नुसता औपचारिकतेपुरता. मागचे पाय वरच्या बाजूला किंचित मागे झुकवले, नाहीतर ती खुर्ची न राहता शिक्षा होते. पाठीच्या पट्टीत बोटं जातील अशी फट ठेवली, म्हणजे उचलून नेता येईल. माँटेसोरीबाईंचा एवढा मुद्दा मी मान्य केला.

रंगाला मात्र मी नाही म्हटलं. मूल खुर्चीवर बसतं त्याच्या आधी खुर्ची चाटून बघतं. रंगाच्या दुकानातल्या 'बॉइल्ड' जवस तेलात ते लवकर वाळावं म्हणून धातूची द्रव्यं घातलेली असतात, तेव्हा घाण्यावरचं खायचं जवस तेल आणलं. ते वाळायला वेळ घेतं. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकायची नाहीत, हवेशीर पसरून वाळवायची, कारण बोळ्यात उष्णता कोंडते आणि तो आपला आपण पेटू शकतो. मी फडकी दोरीवर पसरली. सगळ्या जिन्यात जवसाचा वास भरला आणि वरच्या मजल्यावरचे काका खाली आले.

"चटणी केलीय का?"

इथून गोष्ट माझ्या हातातून गेली.

काका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. निवृत्त होताना त्यांनी नोकरी सोडली, तपासणी सोडली नाही. त्यांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली, वर जाऊन व्हर्नियर कॅलिपर आणला, चारी पाय मोजले आणि खुर्ची हॉलमध्ये ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबलं. टुक.

"डुगडुगतेय," काका म्हणाले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

अप्पांनी लगेच एका पायातून अर्धा सूत काढायला सांगितलं. काका म्हणाले, तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात, कारण तीन बिंदूंतून एक पातळी जातेच. भांडण सुरू होतं ते चौथ्या पायापासून. तेव्हा मुळात तिपाई करायला हवी होती. सासूबाई म्हणाल्या, "पाट." नवरा म्हणाला, डेन्मार्कमध्ये कार्पेट असतं.

मी करवत उचलली नाही. खुर्ची पाव वळसा फिरवली. डुगडुगणारा पाय तोच राहिला तर दोष खुर्चीचा. पाय बदलला आणि जागा तीच राहिली, तर दोष जमिनीचा. पाय बदलला. पुन्हा फिरवली. पुन्हा बदलला. जागा तीच, टीव्हीसमोरची तिसरी फरशी. खात्रीसाठी खुर्ची स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवली, तिथे ती हूं की चूं न करता उभी राहिली. ("पोळ्या लाटतो तिथं?" हा आवाज कुणाचा ते सांगायला नको.)

काका गप्प झाले. आमचा फ्लॅट आणि त्यांचा फ्लॅट एकाच बिल्डरने बांधलेला. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "दहा मिनिटं वर नेऊ का?"

वर टुक ऐकू आलं. मग थोडं सरकून टुक. मग काकूंचा आवाज. संध्याकाळपर्यंत काकांनी आपल्या घराचा नकाशा काढून त्यावर लाल फुल्या मारल्या होत्या. लेव्हलची नळी त्यांच्याकडे होती, पण तिच्यातला बुडबुडा बघायला वाकावं लागतं आणि तो फक्त बघणाऱ्याला दिसतो. खुर्चीचं टुक साऱ्या घराला ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या विंगमधून मागणी आली. मग तिसऱ्या मजल्यावरून. खुर्ची हलकी, एका हाताने नेता येणारी, बोटांसाठी फट असलेली. मी ती एका मुलीसाठी केली होती, पण सर्वेक्षणासाठी याहून सोयीचं उपकरण मिळणं कठीण. ज्यांच्या घरात कुठेच टुक झालं नाही त्या एक बाई काही दिवस जिन्यात कुणाशी बोलेनाशा झाल्या.

मधून मधून खुर्ची घरी यायची. लेक तिच्यावर बसायची, पाय सपाट टेकायचे, घास तोंडात जायचा आणि बेल वाजायची.

शेवटी सोसायटीची खास सभा लागली. विषय एक, फरश्या. सेक्रेटरींनी पुराव्यादाखल खुर्ची पुढे मधोमध ठेवली होती. बिल्डरकडून कोणी आलं नव्हतं. आमच्या लेकीने आपली खुर्ची ओळखली, गर्दीतून वाट काढत पुढे गेली, बसली आणि समोरच्या साठ-सत्तर माणसांकडे बघायला लागली. तिला उठवायला कुणाचा धीर झाला नाही. सभेत दोघांचा आवाज चढला तेव्हा तिने तोंडावर बोट ठेवून "शूऽऽ" केलं, आणि दोघेही बसले. आमच्या सोसायटीच्या इतिहासात वेळेत संपलेली ती एकमेव सभा. चिवड्याच्या पुड्याही तिच्यापासून वाटायला सुरुवात झाली.

बिल्डरला पत्र गेलं. पत्रासोबत यादी हवी म्हणून डेड स्टॉक रजिस्टर नव्याने लिहिलं गेलं. त्यात पाण्याची मोटर, सतरंज्या, गणपतीचं मखर, शिडी यांच्याखाली एक ओळ पडली. 'खुर्ची (लहान), १ नग, तपासणीसाठी.'

मी परत मागितली. सेक्रेटरी भला माणूस आहे. ते म्हणाले, "वहिनी, मला माहीत आहे हो ती तुमची. पण रजिस्टरला चढलेली वस्तू मी हातोहात देऊ शकत नाही. अर्ज करा, पुढच्या कमिटी मीटिंगला घेऊ. फक्त मालकीचा पुरावा म्हणून खरेदीची पावती जोडा."

वखारीत पावती केली नव्हती. काका म्हणतात, स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करू, साक्षीला मी आहेच, मापं माझ्याकडे लिहिलेली आहेत. नवऱ्याने अर्जाचा नमुना शोधून ठेवलाय. अप्पा मात्र अर्जाच्या भानगडीत पडायला तयार नाहीत. त्यांनी परवा नातीला भिंतीला उभं केलं, पेन्सिलने खूण केली, उरलेले सागाचे तुकडे गॅलरीत काढून ठेवले आणि मला म्हणाले, "कमिटी बसेपर्यंत पोरगी वाढणार. दुसरी करायला घे. या वेळी बैठक तीन सूत वर घे."

म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. मी दहा धरलेत.