अजून एक पावसाळा काढेल

रविवारी सकाळी पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकवा. एक गृहस्थ बनियन आणि अर्ध्या चड्डीत मोटरसायकलच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसलेले दिसतील. एका हातात जुन्या गंजीफ्रॉकचा फडका, दुसऱ्या हाताचं बोट चेनकव्हरच्या भोकात. जाणारायेणाऱ्याला वाटतं, गाडी पुसतायत किंवा दुरुस्त करतायत. दोन्ही नाही. ते निर्णय घेतायत. चेन आत्ता बदलायची की तुटेपर्यंत थांबायचं, हा तो निर्णय. तो साधारण गुढीपाडव्याला सुरू होतो आणि पुढच्या गुढीपाडव्याला त्याची चौकशी केली तर उत्तर मिळतं, "बघतोय. अजून एक पावसाळा काढेल."

गाडी बहुधा स्प्लेंडर असते, नव्वदच्या दशकातली. त्याआधी ह्यांच्याकडे त्याच घराण्यातली सीडी हंड्रेड होती. १९८५ साली ती आली तेव्हा जाहिरात सांगायची की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. ह्यांनी पेट्रोल भरलं, झाकण लावलं, पण विसरणं काही जमलं नाही. गाडी घेतल्या दिवसापासूनची डायरी आहे. किती लिटर, किती किलोमीटर, ऑइल कधी, प्लग कधी, पंक्चर कुठे आणि काढणाऱ्याने किती घेतले. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत जाऊन नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, त्याची पावती त्याच डायरीत टाचलेली आहे. त्यानंतर पुन्हा एकदा वाढवली.

ह्यांना चिक्कू म्हणणारे लोक आहेत. तो अन्याय आहे. चिक्कू माणूस गाडीकडे बघतच नाही, कारण बघितलं की खर्च निघतो. आमचे गृहस्थ रोज बघतात. क्लच वायरची एक तार लिव्हरपाशी, त्या शिशाच्या गोळीच्या अगदी मुळाशी तुटली, हे त्यांना त्याच दिवशी कळलं. दुसरी तुटली तेव्हा त्यांनी तारीख लिहिली. मागच्या ब्रेकच्या ड्रमवर एक छोटा बाण असतो. पॅडल दाबलं की तो सरकतो, आणि ड्रमवरच्या खुणेला टेकला की ब्रेक शू संपला असं समजायचं. शंभरातल्या नव्वद लोकांना तो बाण आहे हेच ठाऊक नसतं. हे दर रविवारी मुलाला पॅडल दाबायला लावून स्वतः जमिनीला गाल टेकवून तो बाण वाचतात. "तांदळाचा दाणा मावेल एवढी जागा आहे अजून," असं गेल्या वर्षी म्हणाले होते. यंदा तीळ मावेल म्हणाले. आता खसखशीपर्यंत थांबणार, यात मला शंका नाही.

मग ते बदलत का नाहीत? मी एकदा विचारलं. फडक्याला बोटं पुसत त्यांनी माझ्याकडे जरा दुखावल्यासारखं पाहिलं. म्हणाले, "जीव आहे हो त्यात अजून. जीव असताना काढून टाकायचं?"

यावर काय बोलणार?

त्यांचा गॅरेजवाला पोरगेला आहे, त्याच्या वडिलांपासून हे गिऱ्हाईक चालत आलंय. त्याला चेन दाखवली की तो चाक एकदा फिरवतो, कान लावतो, आणि म्हणतो, "काका, चाललंय ना? मग कशाला हात लावताय? कंपनी फिटिंग आहे. आत्ता मिळतं ते सगळं लोकल." झालं. हेच ऐकायला ते गेलेले असतात. तेच त्यांनी शोरूमच्या वर्कशॉपात दाखवलं असतं, तर तिथल्या टाय लावलेल्या मुलाने चेन स्प्रॉकेटचा अख्खा सेट, कोनसेट, दोन्ही ब्रेक शू, एअर फिल्टर आणि वर पॉलिश अशी यादी हातात दिली असती. एकदा दिलीही होती. ती यादी त्यांनी जपून ठेवली आहे, आणि तिच्यातली कुठली कुठली वस्तू अजून चालू आहे त्यावर वर्षाला एकदा हिरव्या पेनाने खूण करतात.

लोकल मालाची भीती मात्र खरी आहे, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन. जुना ओरिजिनल शू काढून नवा डुप्लिकेट बसवला की गाडी थांबण्याऐवजी किंचाळायला लागते, हे मी पाहिलेलं आहे.

दुसऱ्या टोकाला त्यांचे मेहुणे. कंपनीच्या पुस्तकात वीस हजारावर बदला म्हटलं असेल तर हे अठरा हजारावर बदलणार, आणि बदलून आल्यावर पेढे वाटल्याच्या आवाजात ती बातमी फोनवर सांगणार. त्यांची गाडी सर्व्हिसिंगहून आली की दुसऱ्याच दिवशी बंद पडते. कधी एखादा नट आवळायचा राहतो, कधी वायरचा जोड ढिला राहतो, तर कधी नवी कोरी वस्तू पहिल्याच आठवड्यात मान टाकते. आणि मेहुण्यांनी काढून टाकलेली चेन? ती ह्यांच्या गाडीला बसलेली आहे. चौथं वर्ष चालू आहे तिचं.

गृहस्थांचा भाचा इंजिनियर. त्याने एकदा मामाला सांगितलं की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये वॉडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाला असं दिसलं होतं की विमानांची ठरावीक तासांनी तपासणी झाली की बिघाड कमी होण्याऐवजी लगेच वाढतात आणि मग हळूहळू उतरतात. पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी मोठा अहवाल लिहिला. त्यांनी तपासलेल्या विमानांच्या भागांपैकी ८९ टक्के भागांना "इतके तास झाले की बदला" हा नियम लावून काहीच फायदा नव्हता. अडुसष्ट टक्के भाग तर असे, की त्यांना धोका असला तर नवे असतानाच. एकदा रुळले की ते वयाने म्हातारे होत नाहीत.

हे ऐकल्यापासून आमचे गृहस्थ वेगळेच चालायला लागले. जिन्यात भेटले तरी ८९ टक्के. लिफ्टमध्ये ८९ टक्के. सोसायटीच्या सभेत पाण्याचा पंप बदलण्याचा ठराव आला तेव्हा उठून उभे राहिले आणि सभेला त्यांनी थेट विमानात बसवलं. पंप राहिला. अजून चालू आहे, हेही सांगायला हवं.

भाच्याने अहवालाचा उरलेला भाग मात्र त्यांना सांगितला नाही, किंवा सांगितला आणि यांनी ऐकला नाही. उरलेल्या ११ टक्क्यांत घासून झिजणाऱ्या साध्या वस्तू येतात. टायर, ब्रेक, असल्या. विजेच्या डबीला वय नसतं. गाडीतलं सीडीआय वीस वर्षं चालेल किंवा उद्या सकाळी न सांगता जाईल, ते आधी बदलून काही उपयोग नाही. पण टायर झिजतोच. आणि असल्या वस्तूंसाठी अहवालाचं म्हणणं असं की घड्याळ बघून बदलू नका, वस्तू बघून बदला. नजर ठेवा, मोजा, आणि खूण दिसली की थांबू नका. नजर ठेवण्यात आणि मोजण्यात आमच्या गृहस्थांचा हात धरणारा कोणी नाही. तिसऱ्या पायरीपाशी गाडी अडते.

माझं त्यांच्याशी भांडण असलंच तर एवढंच आहे, की त्यांच्या दरबारात सगळ्यांना सारखा न्याय. इंडिकेटरचा बल्ब आणि पुढचा टायर यांच्यात ते डावं-उजवं करत नाहीत. बल्ब गेला तर हात बाहेर काढता येतो. टायर गेला तर काय बाहेर काढणार?

क्लच वायरचं उदाहरण घ्या. दोन तारा तुटल्यावर ते नाना पेठेत गेले, चार दुकानं फिरले, होलोग्राम उजेडात धरून पाहिला आणि ओरिजिनल वायर आणली. आणली आणि कपाटात ठेवली. "आता टेन्शन नाही," म्हणाले. काही महिन्यांनी जुनी वायर स्वारगेटच्या सिग्नलला तुटली. क्लच नसला तरी गाडी पायाने रेटून, जरा पळती केली की गिअर पडतो, हे जुन्या माणसांना येतं. त्यांनी ती तशी घरापर्यंत आणली. त्या संध्याकाळी नवी वायर बसवायला काय हरकत होती? पण दुसऱ्या दिवशी ते तसेच ऑफिसला गेले. तिसऱ्या दिवशीही. "क्लचशिवायसुद्धा चालते की!" वस्तू मोडण्याआधी बदलावी का, या प्रश्नावर विचार करणारे पुष्कळ आहेत. मोडल्यानंतरसुद्धा त्याच प्रश्नावर विचार करणारा माणूस मी हा एकच पाहिला.

त्या कपाटाविषयी बोलायला हवं. वरच्या खणात वहिनींच्या पैठण्या, खालच्या खणात ह्यांचे सुटे भाग. सगळे कोरे, सगळे वेळेआधी आणलेले. ट्यूब आहे, तिची घडी उघडायला गेलं तर रबर रबराला चिकटलंय. फोर्कची ऑइल सील आहेत, ती बसून बसून कडक झालीत. एक टायर आहे. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. या टायरवरचं साल बघून भाचा म्हणाला, "मामा, हा आता लावू नका, जुना झाला." एक दिवसही न चालता म्हातारा झालेला टायर. गृहस्थ बराच वेळ त्याच्यावरून हात फिरवत राहिले. मग त्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परत ठेवलं.

त्यांचा एक निर्णय मात्र विजेच्या वेगाने झाला, त्याचं श्रेय वहिनींचं. मागचा टायर गुळगुळीत झाला होता. वहिनी पार्किंगमध्ये आल्या, टायरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही व्हा पुढे. मी रिक्षाने येते." एवढंच. पुढचा आठवडाभर त्या देवळात रिक्षाने, बहिणीकडे रिक्षाने, भाजीला रिक्षाने. भाडं डायरीत लिहिलं जात होतं. शनिवारी बेरीज टायरच्या किमतीच्या जवळ पोचली, आणि त्याच दुपारी टायर बदलला गेला. नोलन आणि हीप यांना हे सूत्र सापडलं असतं तर अहवाल पुष्कळ छोटा झाला असता.

हल्ली मात्र नवीन अडचण आली आहे. गाडीला बटण नाही, किकच मारावी लागते, आणि ह्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, गादी झिजलीय, बदलून घ्या. ह्यांनी फोटो उजेडात धरून पाहिला, होलोग्राम पाहावा तसा. किती मिलिमीटर राहिलंय ते विचारलं. मग डॉक्टरांना समजावून सांगितलं की कंपनी फिटिंग आहे, एकदा खोललं की पुन्हा तसं बसत नाही, आणि आत्ता मिळतं ते सगळं बाहेरचं. डॉक्टरांनी बदलण्याची खूण कशी ओळखायची ते सांगितलं, ती डायरीत लिहून घेतली.

तोवर गाडी ढकलस्टार्ट. दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची, क्लच दाबून उतारावर सोडायची, वेग आला की क्लच सोडायचा. क्लच वायर आता नवी आहे, त्यामुळे काम मख्खन होतं. फक्त गाडी जिथे लावायची तिथे उतार हवा. त्यांनी भाजीवाला बदलला. वाचनालय बदललं. बँकेचं खातंसुद्धा दुसऱ्या शाखेत नेलं, ती शाखा टेकडीच्या अंगाला आहे. हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना मात्र अगदी सपाटीवर आहे, त्यामुळे तिकडे जाणं जरा लांबलंय.