उजळाईवाडी ते चिपी, मुंबईमार्गे

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून सिंधुदुर्गाच्या चिपी विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ११० किलोमीटर भरते, याबद्दल सरकारच्या कोणत्याही खात्यात दुमत नाही. लहान शहरांकडे जाणारे पंख्याचे विमान ताशी पाचशे किलोमीटर वेग गाठते. तेव्हा ज्याच्यापाशी त्रैराशिकापुरती विद्या शिल्लक आहे त्यास उत्तर येते तेरा मिनिटे. चढण्या-उतरण्यापोटी आणखी अर्धा तास धरण्याची गणकांची रूढी मान्य केली, तरी पाऊण तासाच्या आत प्रवासी सह्याद्री ओलांडून चिपीच्या कातळावर उभा राहतो. या हिशेबात वैगुण्य काढायचेच म्हटले तर एवढेच, की या मार्गावर विमान जात नाही.

हवाई मार्गानेच जाण्याचा ज्याचा हट्ट असेल त्याने, दोन्हीकडील विमाने चालू असण्याचा दुर्मीळ योग साधून, प्रथम मुंबईस जावे, तेथील विमानतळावर यथाशक्ति कालक्षेप करावा आणि मग पुन्हा दक्षिणेस उडावे. म्हणजे ११० किलोमीटरांसाठी साडेसहाशे किलोमीटरांचा हा द्राविडी प्राणायाम यथासांग पूर्ण होतो. पूर्वी मुलखाच्या एका टोकाचा अर्ज दुसऱ्या टोकास जाण्यापूर्वी हुजूर दप्तरी रुजू व्हावा लागे. आता खुद्द अर्जदारासच रुजू व्हावे लागते, इतकाच काय तो कारभारात फरक पडला.

यात दोन्ही विमानतळांकडे दोष नाही. कोल्हापूरचे विमानतळ १९३९ सालचे, म्हणजे संस्थानी आमदानीतले. चिपीचे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी समारंभपूर्वक उघडलेले, अडीच किलोमीटर लांबीची धावपट्टी बाळगणारे. एक वयाने वडील, दुसरे अंगाने उमदे. परंतु दोघांची सोयरीक जमवावी अशी बुद्धी कोणा मध्यस्थास झाली नाही. सामान्य नागरिकास उडविण्याचे अभिवचन देणाऱ्या ‘उडान’ योजनेत तासाभराच्या प्रवासास अडीच हजार रुपयांच्या आसपास भाड्याची मर्यादा घातली गेली आणि कंपन्यांची तूट तीन वर्षे भरून देण्याची तजवीज झाली. मुदत संपली की अशा मार्गांपैकी कित्येक मार्ग, अनुदान थांबताच भजनी मंडळ पांगावे तसे, निमूटपणे पांगले.

इतक्या थोड्या अंतरासाठी विमान हे चैनीचे लक्षण, असा आक्षेप एखादा काटकसरी वाचक घेईल. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे पावणेतीन किलोमीटरांचे उड्डाण १९६७ पासून चालू आहे आणि वेळापत्रकात त्यास दोन मिनिटे दिलेली आहेत. तेथे मध्ये समुद्र आहे, हे खरे. आमच्याकडे नुसता सह्याद्रीच आहे, आणि तो पावसाळ्यात बांधकाम खात्याच्या लौकिकास जागून अधूनमधून रस्त्यावर उतरतो.

म्हणून ज्या सद्‌गृहस्थांस पुढील आठवड्यात सिंधुदुर्गातल्या कुडाळास लग्नाला जावयाचे आहे, त्यांनी तेरा मिनिटांचा हिशेब खिशात जपून ठेवावा आणि राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवलीवरून जाणारी एस.टी. धरावी. तिचे तिकीट वाहक जाग्यावर आणून देतो.