नवगावच्या सात जोडप्यांस, विनापरवाना प्रवेशाबाबत

प्रति,
गलबत फुटून किनाऱ्याला लागलेली सात यहुदी जोडपी,
मु. पो. नवगाव, ता. अलिबाग, जि. रायगड

सा. न. वि. वि.

आपलं प्रकरण माझ्याकडे आलं आहे. व्हिसा, नागरिकत्व, हद्दपारी ही कामं मी करतो. उरलेला वेळ सातबाऱ्याचे तंटे. अलिबागेत वकिलाचं पोट सातबाऱ्यावरच भरतं, त्यामुळे आपल्यासारखे अशील आले की जरा बरं वाटतं.

आपली हकीकत वाचली. सेल्युकिड राजा अँटिओकसच्या छळाला कंटाळून गॅलिलीहून निघालात, चौल बंदराच्या वाटेवर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना नवगावात मूठमाती दिलीत. इतिहासकार सालावरून भांडतात. कोणी इसवी सनापूर्वी १७५ धरतं, कोणी आपल्याला कित्येक शतकं अलीकडे ओढतं. मला त्यात पडायचं नाही. कोर्टात पहिला प्रश्न एकच येईल: पासपोर्ट?

पोथ्यापुराणांसकट सगळं समुद्रात गेलं, एक प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली, हे उत्तर मला हृद्य वाटलं. सरकारी वकिलाला वाटणार नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला आहे. पासपोर्ट-व्हिसाविना आत आल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गलबतवाल्यालाही दंड आहे. तो बुडाला आणि सुटला. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर. सरकारने फक्त संशय घ्यायचा. ही सोय जुन्या १९४६च्या कायद्यातही होती, नव्याने ती जपून ठेवली.

ज्या नवगावकरांनी आपल्याला घरात घेतलं, त्यांनाही निरोप द्या. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत कळवावं लागतं. आता किहीमपासून काशीदपर्यंत होमस्टेवाले हे निमूटपणे करतात. आपल्या यजमानांनी कळवायचं सोडून आपल्याला तेलाचा घाणा चालवायला दिला.

त्या घाण्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण खटल्याची खरी मेख तिथे आहे. नोकरीचा व्हिसा हवा तर वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये पगार दाखवावा लागतो. तिळाचं तेल गाळून एवढे पैसे या तालुक्यात आजवर कोणी मिळवलेले नाहीत, आणि आपण तर शनिवारी घाणा बंद ठेवता. गावाने त्यावरून आपल्याला ‘शनिवार तेली’ म्हणायला सुरुवात केली आणि विषय संपवला. व्हिसा अधिकारी असा संपवणार नाही. एक पळवाट आहे: परदेशी पद्धतीचा खास स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला ती पगाराची अट नाही. पण आपल्या बायका आता मासळीला ओलं खोबरं आणि कोकम लावतात असं ऐकतो. खवले आणि पर असलेलीच मासळी उचलतात, एवढाच काय तो परदेशीपणा उरला. पुढे डेव्हिड राहबी नावाचा गुरू येईल आणि नेमकं तेवढ्यावरून आपल्याला ओळखेल. तो कागद मागणार नाही. मासळीची टोपली पाहील. असा अधिकारी पुन्हा नेमला गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता नागरिकत्व. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं वास्तव्य हवं. आपलं दोन हजार वर्षं भरेल. मात्र २००३च्या दुरुस्तीनंतर बेकायदा आलेल्याला हा अर्जच करता येत नाही, त्यामुळे दोन हजार वर्षांची बेरीज शून्य धरावी. वाईट वाटतं ते अशासाठी, की आठव्या अनुसूचीतल्या एका तरी भाषेचं पुरेसं ज्ञान हवं ही अट आपण सहज पार केली असती. मराठी आपली बायकामुलं घरात बोलतात, भांडतात.

२०१९च्या दुरुस्तीचा आधार घेता येईल का, असं आपण विचारलंत. हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती असे सहा समाज आणि पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान असे तीन देश त्यात आहेत. यहुदी नाहीत, गॅलिलीही नाही. ३१ डिसेंबर २०१४पर्यंत येण्याची अट मात्र आपण भरघोस फरकाने पूर्ण करता. छळ खरा, पण चुकीच्या देशात आणि चुकीच्या धर्माचा. निर्वासित म्हणून दाद मागायची तर १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सहीच नाही.

घाबरू नका, हद्दपारीत आपली बाजू भक्कम आहे. पाठवायचं तर ज्या देशात पाठवायचं त्याच्या दूतावासाने आपल्याला ओळखावं लागतं, आणि सेल्युकिड साम्राज्याचा दिल्लीत दूतावास नाही. आपल्याला कुठेच पाठवता येणार नाही. दरम्यान कुठे ठेवतील, हे आत्ता न विचारलेलं बरं. संविधानाचं कलम २१ नागरिकांपुरतं नाही, प्रत्येक माणसाला आहे. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तसं बजावलं आहे. मी ते कलम घेऊन उभा राहीन. न्यायमूर्ती जेवायच्या सुट्टीनंतर ऐकतील.

आपण वेळेत आलात, हेही सांगायला हवं. ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरला एक बोट वाहत आली. आत माणूस नाही, तीन एके-४७ रायफली होत्या. राज्यभर नाकाबंदी झाली. चौकशीत निघालं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंची, मस्कतजवळ इंजिन बिघडलं, माणसं दुसऱ्या जहाजाने वाचवली आणि रिकामी बोट भरकटत आली. घाबरणाऱ्यांना मी हसत नाही. १९९३ साली शेखाडीला स्फोटकं उतरली ती याच किनाऱ्यावर. पण रिकाम्या बोटीने एवढं झालं, तर चौदा ओलेत्या, परक्या भाषेत रडणाऱ्या माणसांचं काय झालं असतं, याचा अंदाज आपणच बांधा.

आपल्या वंशजांविषयी दोन शब्द. ते किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर होतील. गावाचं नाव लावायला कुठलंही प्रतिज्ञापत्र लागणार नाही. एक एरुलकर गांधीजींचे डॉक्टर होतील. अलिबागेत इस्रायल आळी होईल. मग १९५० साली इस्रायलमध्ये कायदा होईल की जगातल्या कोणत्याही यहुद्याला घरी परत येता येईल. हे लोक बोटीत, विमानात बसतील. काहींना तिथली वागणूक सोसवणार नाही; धरणं धरून ते भारतात परत येतील. उरलेल्यांपुढे १९६२ साली तिथलं मुख्य यहुदी धर्मपीठ नवा कागद ठेवेल: लग्न लावायचं तर आईची, आजीची, जमेल तितक्या मागची वंशावळ तपासून घ्या. ती तपासायला कुणी आपल्यापर्यंत आलं, तर सगळं पाण्यात गेलं असंच सांगा; आपल्याकडे तेवढंच उत्तर आहे. जेरुसलेममध्ये पुन्हा धरणं धरलं जाईल, आणि १७ ऑगस्ट १९६४ रोजी तिथली संसद ठरवेल की बेने इस्रायल, म्हणजे आपले हे वंशज, सर्वार्थाने यहुदीच आहेत. म्हणजे दोन हजार वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवल्याचा दाखला अखेर मिळेल. इकडे महाराष्ट्र सरकार २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा देईल, बहुतेक मंडळी निघून गेल्यावर.

एवढ्यात अश्दोदहून आपल्याच वंशातले एक गृहस्थ सल्ला विचारून गेले. परदेशी नागरिकत्व घेतल्याक्षणी भारताचं गेलं, आता ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, कार्ड आहे, नवगावात एकरभर जमीन घ्यायची आहे. मी सांगितलं, फ्लॅट घ्या, शेतजमीन ओसीआयवाल्याला विकत घेता येत नाही. वारसाने येऊ शकते. तेव्हा आपली एक चूक पदरात घालतो: आल्या आल्या सातबाऱ्यावर नाव चढवून घ्यायला हवं होतं. मुंबईचे लोक बघा, कुठून कुठून शेतकरी असल्याचे दाखले आणतात आणि समुद्रासमोर कुंपण घालतात.

सोबत वकालतनामा आहे, चौदाही जणांनी सह्या कराव्यात. तारीख शनिवारी पडणार नाही याची काळजी घेतो. फी तेलात चालेल.

कळावे,
आपला,
एक वकील, अलिबाग

ता. क. आपले प्रेषित एलियाहू हनबी इथल्या जवळच्या खंडाळ्याहून रथात बसून थेट स्वर्गात गेल्याचं आणि खडकावर रथाच्या चाकाची खूण राहिल्याचं सांगतात; लोक तिथे मलिदा वाहतात. परदेशी व्यक्तीला नेमलेल्या तपासणी नाक्यावरूनच देश सोडता येतो. त्यांचं प्रकरण वेगळं चालेल, फीही वेगळी.